सूपभर कोंड्याला इकलेलं पोर

तानाबाईची तीन पोरं पाळण्यातच गेली. चौथं झालं तसं बायकांनी सांगितलं, ह्याला इकून टाक, म्हंजे सटवीला वाटंल हे हिचं न्हवंच. बाराव्या दिवशी तानाबाईनं पोर सुपात घातलं आणि गल्लीच्या तोंडाला ऱ्हाणाऱ्या लालबी पिंजारणीला इकलं. किंमत सूपभर कोंडा. लालबीची चारी पोरं ठणठणीत हुती, म्हणून ती. पाच वर्सांनी तेवढाच कोंडा देऊन पोर सोडवून न्यायचं, अशी रीत.

मधी प्लेग आला. सगळी माळावरच्या झोपड्यांत गेली. तिथं तानाबाईला पिराजी झाला आणि जगला. मग तिला भ्या वाटलं, थोरल्याला परत आणलं तर सटवी दोघांस्नीबी बघंल. आज सोडवू, उद्या सोडवू करत एकोणीस वर्सं गेली. थोरला जोतीराम लालबीला अम्मा म्हणायचा, तानाबाईला मावशी. डोसकं कुणाचं घेतलं हुतं कळत न्हवतं. मुंगी चावली तरी मुंगीशी भांडायचा.

भाऊ दोन, तालमी दोन. त्या साली दरबारानं कुस्त्यांचं मैदान भरवलं. जोड लावणारे आण्णा पन्हाळ्याचे, त्यास्नी गल्लीतलं काय ठावं? त्यांनी जोड लावली : फक्रुद्दीन पिंजाऱ्याचा जोतीराम आणि सयाजीचा पिराजी. जो पाडंल त्येला सालभर दरबाराचा खुराक, दूध-बदामासकट.

त्याच आठवड्यात देवळात कीर्तन झालं. कुंती नदीवर कर्णाकडं जाती, म्हणती तू माझाच, भावांशी लढू नगंस. तानाबाईनं ते ऐकलं आणि दुसऱ्या सकाळी पंचगंगेवर गेली. कर्ण सूर्याची पूजा करत हुता. जोतीराम म्हस धूत हुता. तरीबी ती मागं गप उभी ऱ्हायली, कुंती ऱ्हायली तशी. म्हशीनं शेपूट झटकलं, पाणी तोंडावर आलं, तवा बोलली.

"जोती, पिराजीशी खेळू नगंस."

"का?"

"सख्खा भाऊ हाय तुझा."

"साऱ्या गल्लीला ठावं हाय. तूच काय ती आज बोललीस."

"कर्णानं आईचं ऐकलं रं. म्हणला, काय झालं तरी तुझी पाच ऱ्हातील."

"मग?"

"मी पाच कुठनं आणू? दोनच हायत."

"दोन कुठली? एक तर तू इकलंस की."

तानाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "त्येचंच बघती," म्हणली आणि गेली.

सांजला ती लालबीच्या दारात सूप घेऊन उभी. पोर परत घेतलं की जोतीराम सयाजीच्या घरचा. एका घरातल्या भावांची जोड लावत न्हाईत. एवढा हिशोब तिनं वाटंनं केला हुता.

लालबीनं कोंडा चिमटीत धरला. "ह्यो भाताचा हाय. मी गव्हाचा दिलता."

"गव्हाचा आणती."

"आणशील. मी एकोणीस वर्सं जेवाय घातलंय, ते कशात मोजू?"

"मग काय करू, लालबी? खांदा निखळला, मान मोडली, तर दोन्ही माझीच."

"त्यातला एक माझा हाय."

दोघी दारात म्हस बांधणाऱ्या जोतीरामकडं बघाय लागल्या. "तूच सांग बेटा," लालबी म्हणली, "तू कुणाचा?"

जोतीरामचं डोसकं फिरलं. त्यानं सूप उचललं आणि म्हशीपुढं ओतलं. गव्हाचा का भाताचा, म्हशीनं इचारलं न्हाई.

"मला परत कुणी इकायचं न्हाई. आणि घ्यायचंबी न्हाई," म्हणला, आणि तडक आण्णांच्या बिऱ्हाडी गेला.

आण्णा पान लावत हुते.

"जोड मोडा. पिराजी माझा सख्खा भाऊ हाय."

"मग नाव बदलू? सयाजीचा जोतीराम?"

"न्हाई. फक्रुद्दीनचाच."

"अरं, मग त्यो भाऊ कसा?"

"हाय तसा हाय."

आण्णांनी बोटाचा चुना पानाला पुसला. "दुसरी जोड न्हाय माझ्याकडं. बसावं लागंल. खुराक गेला. आणि लोक म्हणतील, भ्याला."

"म्हणंल त्येला बघतो."

ऐतवारी मैदानात लोक म्हणले. जोतीरामनं दोघांस्नी बघितलं. तिसरा अंगानं थोराड हुता, त्येला सोडला.

पिराजीला ऐन वक्ताला आलेला कुरुंदवाडचा एक गडी दिला. त्यानं तांब्याभर पाणी प्यायला लागतं तेवढ्या वेळात पिराजीला आस्मान दाखवलं. खुराक कुरुंदवाडला गेला.

पिराजी मातीत उताणा पडून वर बघत हुता. जोतीराम हौद्यात उतरला आणि हात दिला.

"तुझ्याकडनं पडलो असतो," पिराजी म्हणला, "तर खुराक गल्लीत तरी आला असता."

"व्हय."

"खांदा दुखतोय."

"बघू. निखळला न्हाई. ऊठ."

पिराजी उठला. "आई सकाळधरनं चूल न पेटवता बसलीया. मी एकटा गेलो तर तिला वाटंल, तुझं काय तरी झालं."

"खेळलोच न्हाई म्हणून सांग."

"त्ये तूच सांग की. माझं कुठं खरं वाटतंय तिला?"

जोतीराम त्याच्या पाठीवरची माती झाडत ऱ्हायला. माती कवाच पडली हुती, तरीबी झाडत ऱ्हायला.

"तू हो फुडं," म्हणला. "अम्माला सांगून येतो."