लाल चिंधी

अठ्ठावीस वर्षं मी या कॉलेजचे नळ सांभाळतोय. माझी एक पद्धत आहे. सांधा दुरुस्त केला की त्यावर लाल चिंधी बांधायची आणि आठ दिवसांनी हात लावून बघायचं. चिंधी कोरडी असली तर काम पक्कं, मग सोडून टाकायची. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं कशाला, विचारलं होतं कुणी?

मग वसतिगृह बघणाऱ्या साहेबांनी मोबाइलवर खेळ काढला. मुलांनी बिघाड शोधायचा, फोटो टाकायचा, गुण मिळवायचे. साहेबांचं काय जातंय, उंटावरून शेळ्या हाकायला? पोरं सुटली वसतिगृहभर आणि दिसेल त्या लाल चिंधीचा फोटो काढला. लाल म्हणजे बिघाड, असा त्यांचा हिशोब. दोन दिवसांत माझ्या नावावर एकसष्ट तक्रारी. साहेबांनी बोलावून सांगितलं की सोमवारपर्यंत यादी उतरली नाही, तर नळांचं काम बाहेरच्या माणसाला जाईल. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. घरी बायकोवर खेकसलो, तर ती म्हणाली, माझ्यावर कशाला ओरडता, फोटो काढणाऱ्यांना सांगा की. खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

दुसऱ्या दिवशी खेळात पहिली असलेली चष्मेवाली मुलगी जिन्याखाली चिंधीचा फोटो काढताना सापडली. चांगली झापली तिला. मग तिनं चिंधीला हात लावला.

"काका, ही तर कोरडी आहे."

"मग मघापासून काय सांगतोय मी? ते बरं झालेलं दुखणं आहे."

तिचा चेहरा पडला. एकसष्टातले सोळा फोटो तिचेच होते. ती तशीच साहेबांकडे गेली आणि संध्याकाळपर्यंत खेळात नवा नियम आला. चिंधीला हात लावा, कोरडी असेल तर तक्रार मिटवा, ओली असेल तर कळवा. गुण दोन्हीला सारखेच.

सोमवारी यादीत चार तक्रारी उरल्या. त्यातले तीन सांधे खरंच ओले होते आणि मला पत्ता नव्हता, हे कबूल करतो. साहेबांनी बाहेरच्या माणसाचं नाव काढलं नाही. माझा जीव भांड्यात पडला.

चौथी तक्रार त्या मुलीची होती. 'नळ दुरुस्तीची खोली. बेसिनखाली चिंधी नाही, बादली आहे.' ती माझीच खोली. बादली दोन वर्षं तिथंच होती.

मी सांधा उघडला, नवा वॉशर घातला, वर चिंधी बांधली आणि मुलीला बोलावून घेतलं.

"आठ दिवसांनी ये," मी म्हणालो, "हात लावून बघायला."