फुलाफुलांचा गाऊन

"मामा, कपडे काढा!"

"कुणाशी बोलतेस, कळतंय का?"

"कळतंय. काढा आधी!"

पाठीवरच्या पंपाचं झाकण निसटलं आणि कीटकनाशक मानेपासून टाचेपर्यंत ओघळलं, तरी सासरा ताठच. गाव त्याला 'कडक' म्हणायचं. शेतातही सदऱ्याची इस्त्री मोडू न देणारा गडी. सून धावत आली तर म्हणतो, "उन्हात वाळेल." अंगात विष मुरतंय आणि ह्याला इज्जतीची पडलीय! असली इज्जत बांधावर फेकून द्यावी.

तिनं त्याला हौदाच्या नळीखाली ओढलं, सदरा टराटरा फाडला, पाटलोण खेचली. साबण, पाणी, परत साबण. त्यानं डोळे गच्च मिटले.

"अगं, कुणी बघेल..."

"बघू दे."

जरा सुटका होताच तो तीच भिजकी पाटलोण चढवायला लागला. तिनं ती काठीनं लांब ढकलली. खोपटात कोरडं कापड एकच होतं, तिचा फुलाफुलांचा गाऊन.

"हा घालू? त्यापेक्षा मरतो."

"मेलात तर ह्यातच गुंडाळीन."

गाऊन घालून कडक तिच्या स्कूटरवर मागं बसला. चौकात शिट्ट्या वाजल्या.

"कडक, माहेरी निघालास का रे?"

त्यानं मान वर केली नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "लगेच धुतलंत म्हणून निभावलं. कुणी धुतलं?"

बाकावरच्या लोकांनी कान टवकारले.

"मीच," तो जमिनीकडं बघत पुटपुटला.

दारातली सून भिंतीला टेकली. त्याला धुताना हातात तिनं काही घातलंच नव्हतं. ह्याच्या अंगावरचं विष तिच्या कोपरापर्यंत, ओल्या बाह्यांत मुरलेलं. तोंडाला लाळ सुटली होती, बोटं थरथरत होती. त्यानं पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

"थांबा!" तो ओरडला. "खोटं बोललो मी. हिनं धुतलं मला. उघडा करून, सुनेनं. आधी हिला बघा!"

बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. हसा, लेको.

डॉक्टरीणबाईंनी तिला नळापाशी बसवलं, बाह्या कापल्या आणि त्या इंजेक्शन भरायला धावल्या. कडकनं साबण उचलला. मग थांबला.

"हातमोजे द्या," म्हणाला.

ते चढवले, गाऊन गुडघ्यापर्यंत खोचला आणि सगळ्यांदेखत सुनेच्या हातांवर पाणी सोडलं.