उसातला टेंपो

"गणित कुणाच्या बापाला भीत नाही, दादासो!" शरच्चंद्र सरांनी जाहीर केलं आणि कळ दाबली. कॉलेजात यंदाच आलेल्या रंगीत पडद्यावर टेंपो आडवा आला, हिरवी जीप त्याला धडकली, आणि टेंपो जीपच्या पोटातून भुतासारखा आरपार निघून पलीकडच्या उसात जाऊन पडला.

"आवं सर, ह्ये तर झपाटल्यागत झालं," दादासो म्हणाला. "पर पडला उसातच. आता छापा की कागद."

तीन वाजता सांगलीच्या कोर्टात तारीख होती. कडेगावच्या रस्त्यावर टेंपोच आपल्या जीपच्या अंगावर आला, असं दादासोचं म्हणणं. टेंपो पलीकडच्या उसात सापडल्याचं पोलिसांच्या पंचनाम्यात होतं, आणि टेंपोवाल्या हरिबाचा पाय मोडला होता. उलटा निकाल लागला तर दादासोचं लायसन जाणार, वर तुरुंग. वकील म्हणाला होता, कॉम्प्युटरचा कागद आणा, जजसाहेब नवे आहेत, दिपून जातील. सरांना नाही म्हणायला तोंड नव्हतं. त्यांच्या पत्नी शकुंतलाबाईंच्या आतड्याला पीळ पडला तेव्हा याच दादासोनं त्यांना जीपमध्ये घालून वेळेत दवाखान्यात पोचवलं होतं.

पण हे आरपार जाणं सरांना खुपलं. गाड्या जिथं एकमेकींना टेकतात, तिथल्या पत्र्याशी काटकोनात एक बाण धरायचा. धक्का त्या बाणाच्या दिशेनं बसतो. पुस्तकात त्याला नॉर्मल म्हणतात. बाण उलटा धरला, की गाड्या दूर फेकल्या जायच्याऐवजी एकमेकींत शिरतात. सरांचा बाण उलटा होता. चूक एका वजाच्या चिन्हाची.

सरांनी ते खोडलं. टेंपो शहाण्यासारखा उडाला. पण उसात नव्हे, अलीकडच्या ओढ्यात.

सरांनी वेग वाढवला. ओढा. कमी केला. ओढाच. घाम पुसत त्यांनी टेंपो तिरका केला, सरळ केला, रिकामा केला, भरला. टेंपोला ओढ्याचाच लळा लागला होता. शेवटी, नुसतं बघावं म्हणून, त्यांनी जीप रस्त्याच्या चुकीच्या बाजूला सरकवली आणि टेंपो आपल्या बाजूनं मुकाट येऊ दिला.

टेंपो उसात पडला. अगदी पंचनाम्याबरहुकूम.

सरांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला, मग पुन्हा पुसला.

"ते चिन्ह परत घालतो," ते पडद्याकडंच बघत म्हणाले. "कोर्टात बाण कोण बघतंय?"

दादासोनं स्टूल पुढं ओढलं.

"पुन्यांदा दावा."

सरांनी दाखवलं. टोपी काढून गुडघ्यावर ठेवून दादासो ते बघत राहिला. सरांचं बोट वजाच्या कळीवर होतं.

"ऱ्हाऊ द्या," दादासो म्हणाला. "ह्योच कागद छापा."

"अहो, पण वकील..."

"फकस्त जीप तेवढी पांढरी करा, सर. हिरवी जीप आमच्या गावात तात्याबाची हाय. उगं त्येच्यावर यायचं."