बरणीतली गाठ

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर लांबलचक टेबल, त्यावर पांढरी चादर आणि चादरीवर ओळीनं मांडलेल्या चाळीसेक काचेच्या बरण्या. प्रत्येक बरणीत पाणी आणि पाण्यात एक काळी, लिबलिबीत, बोटभर लांब वस्तू. लोक रांगेनं पुढे जात, वाकून बघत आणि हात जोडून परत येत.

"अगं बाई, हे पोटात होतं?"

"मुळासकट आलंय बघा!"

एका गृहस्थानं तर स्वतःच्या बरणीला खेटून फोटो काढून घेतला. माझं डोकंच फिरलं. वीस वर्षं मी रुग्णालयात, आतड्यात दुर्बीण घालून तपासतात त्या विभागात परिचारिका आहे. आतड्यातून काढलेल्या गाठी मी रोज हाताळते. त्या अशा नसतात. पण ओरडून उपयोग नव्हता, कारण चौथी बरणी माझ्या सख्ख्या थोरल्या भावाची होती.

आमचे वडील मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनं गेले. म्हणून आमच्या विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी गेल्या महिन्यात आम्हा दोघा भावंडांना तपासलं. माझं आतडं साफ निघालं. दादाच्या आतड्यात दोन सेंटिमीटरची चपटी गाठ दिसली. अशी गाठ म्हणजे कॅन्सर नव्हे, पण काही गाठींचा पुढे होतो, आणि कुठल्या गाठीचा होईल हे वरून बघून सांगता येत नाही. म्हणून काढायची. गाठ मोठी होती, काम सावकाश करायचं होतं, तेव्हा बाईंनी पंधरा दिवसांनंतरची वेळ दिली आणि संमतीपत्र घरी वाचायला दिलं.

तिथंच घोळ झाला. दादा शिंपी आहे, मापाला पक्का, पण दुखण्याचं नाव काढलं की त्याची पाचावर धारण बसते. कागदावर 'रक्तस्राव' आणि 'आतड्याला छिद्र' वाचलं आणि स्वारी थेट मुळीवाल्या गुरुजींकडे. तीन दिवस चूर्ण घेतलं, चौथ्या दिवशी शौचावाटे 'गाठ' पडली. लगेच आमची वेळ रद्द!

"दादा, अरे चूर्णानं गाठ गळून पडत नाही."

"डोळ्यांनी बघितलीय मी. तू स्वतः घेऊन बघ, मग शहाणपणा शिकव."

"घेते!" म्हटलं, आणि घेतलं. चौथ्या दिवशी मलाही 'गाठ' पडली. ती धुतली, बरणीत भरली आणि पिशवीत घालून गुरुजींच्या या सभेला आले.

गुरुजी उभे राहिले. रेशमी सदरा, मधाळ आवाज.

"चाकू नाही, नळी नाही, रक्ताचा थेंब नाही! पोटातलं पाप आपल्या पायांनी बाहेर चालत येतं! आणि हे बघा, रुग्णालयाची कबुली!" त्यांनी एक कागद फडकवला. दादाचं संमतीपत्र! "रक्तस्राव! आतड्याला भोक! सही करा आणि मरा! माझ्याकडे सही लागते का?"

"नाही!" सभागृह गरजलं. दादाही त्यात.

मी उठले. "गुरुजी, माझीही पडली."

"या, या ताई!" त्यांनी माझी बरणी दिव्याकडे धरली. "अहाहा! बारा वर्षांची जुनी गाठ! सहा महिन्यांत खेळ आटोपला असता तुमचा!"

"बारा वर्षांची?" मी अहवाल काढला. "गेल्याच महिन्यात दुर्बिणीनं माझं अख्खं मोठं आतडं बघितलंय. हे त्यातले फोटो. गाठ एकही नाही. मग ही आली कुठून?"

"यंत्राला काय दिसणार? फार सूक्ष्म असते ती."

"बोटभर लांब आणि सूक्ष्म?"

मागच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं. मी पिशवीतून स्टीलचा पेला काढला. भाषण सुरू होण्याआधीच गुरुजींच्या पुडीतलं चूर्ण मी त्यात कोमट पाण्यात कालवून ठेवलं होतं. लोकांसमोर पेला उपडा केला. थेंब पडला नाही. चमच्यानं खरवडल्यावर काळा, लिबलिबीत गोळा ताटलीत पडला.

"दादा, इकडे ये. तूच हात लावून बघ."

"घरची भांडणं चव्हाट्यावर आणतेस," असं पुटपुटत तो वर आला. ताटलीतला गोळा त्यानं चिमटीत चुरला. मग स्वतःची बरणी उघडून तीतला चुरला. तीस वर्षं खळ लावून कॉलर ताठ करणारी त्याची बोटं थांबली. त्यानं बरणीतला तुकडा पाण्यात चोळला. काळं पाणी उतरलं, तळाशी माती बसली आणि बोटांवर फिकट टरफलं राहिली.

"हे मांस नाही," तो म्हणाला. "ही खळ आहे."

"इसबगोल, चिकणमाती आणि कोळशाची पूड," मी सांगितलं. "पाण्यात फुगतं, मातीला धरून ठेवतं, आतड्यात त्याची दोरी वळली जाते. ज्याला गाठ नाही त्यालाही पडते. गाठ तुमच्या पोटात नव्हती, पुडीत होती."

दादा माझ्याकडे वळला. ध्वनिक्षेपक चालूच होता, त्यामुळे त्याचा प्रश्न सगळ्यांना ऐकू गेला.

"मग माझी गाठ कुठंय?"

"होती तिथंच, दादा."

गुरुजी म्हणाले, "श्रद्धा ढळली की असंच..."

"थांबा!" मी तो कागद त्यांच्या हातातून घेतला. "हो, लिहिलंय आम्ही. काहींना रक्तस्राव होतो, बहुतेकदा तो दुर्बिणीतूनच थांबवता येतो. छिद्र क्वचित पडतं, पण पडतं, आणि कधी ऑपरेशनही करावं लागतं. आम्ही हिशेब ठेवतो म्हणून आम्हाला माहीत आहे. या चाळीस जणांपैकी किती जणांना तुम्ही पुन्हा तपासलंत?"

गुरुजींनी पाण्याचा ग्लास उचलला आणि प्यायलेच नाहीत. पुढच्या रांगेतला फोटोवाला गृहस्थ उठला आणि आपल्या बरणीत बोट घालून बघू लागला. मग दुसरा, मग तिसरा.

पुढच्या आठवड्यात दादा आमच्या टेबलावर होता. डॉक्टरीणबाईंनी सुईनं गाठीखाली द्रव भरून ती वर उचलली, तारेच्या फासात धरली आणि कापली. रक्त आलं. खोटं कशाला सांगू, मलाही घाम फुटला. बाईंनी तिथं छोटी क्लिप लावली आणि रक्त थांबलं. संध्याकाळी दादा घरी गेला.

प्रयोगशाळेचा अहवाल आठ दिवसांनी आला. गाठीतल्या पेशी बिघडायला लागल्या होत्या. कॅन्सर अजून झाला नव्हता. गाठ पूर्ण निघाली होती; सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. दादानं तो कागद तीनदा वाचला आणि लहान मुलासारखा रडला. मीही रडले.

तेव्हा सांगते ते ऐका. शौचावाटे रक्त जात असेल, घरात कुणाला हा आजार झाला असेल, तर लाजू नका, तपासून घ्या. भीती वाटली तर डॉक्टरांना शंभर प्रश्न विचारा, पण अक्कल गहाण टाकू नका. आणि आपलं माणूस अशा भोंदूच्या नादी लागलं तर चारचौघांत भांडा. ते दोन दिवस रुसेल. रुसू दे, रुसायला जिवंत तरी राहील!