झाकणाखालची कडी

स्क्रूच्या डोक्यावर एक बारीक ओरखडा होता, पेचकस निसटला की पडतो तसा... शेवटचा आटा आवळताना कुणाचा तरी हात घामेजला असेल, असं सिकंदरला वाटलं, आणि त्या अनोळखी हाताबद्दल उगाचच माया आली. जळून काळपट तपकिरी झालेल्या त्या अवकाशकुपीवर, दोरीच्या अलीकडून, तो मघापासून तेवढंच पाहत होता. स्क्रूच्या वर अर्धवट उचलून ठेवलेलं झाकण होतं आणि झाकणाखाली कडी. तिकडे त्यानं अजून पाहिलं नव्हतं.

"मुलींनो, हे यान अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरून समुद्रात उतरलं," तहरीम सांगत होती. त्याची मुलगी उंब्रजच्या शाळेत विज्ञान शिकवायची. आठवीच्या मुलींची सहल साताऱ्याच्या या संग्रहालयात आणायची म्हणून तिनं बापाला सांगलीहून मुद्दाम बोलावून घेतलं होतं. "आणि पॅराशूटच्या झाकणाखालची ती कडी दिसते ना? ती माझ्या अब्बांनी केलीय. सांगलीत, लेथवर."

मुलींनी टाळ्या वाजवल्या. सिकंदरनं छातीला हात लावला, मान लववली, आणि मान वर करताना कडी दिसलीच.

काठ मऊ होता. ड्रॉइंगमध्ये सांगितला होता त्याहून किंचित जास्त, बोट फिरवलं तर कुठे अडू नये इतका. असा काठ सांगलीच्या त्या कारखान्यात एकच माणूस सोडायचा. जतचा बिराप्पा, मेंढपाळाच्या घरातला, कानडी हेल काढून बोलणारा. "धार ऱ्हायली की कुणाच्या तरी हाताला लागती, सिकंदरभाई," म्हणायचा. आता या कडीला कोण हात लावणार होतं, तिथं वर, आभाळात? — तरीही.

आठ कड्या होत्या. आठवी मशीनवर असताना शुक्रवारची दुपार झाली. तू जेवून घे, मी बघतो, असं सिकंदरच बिराप्पाला म्हणाला होता. नमाजाची वेळ होत आली होती, घाई होती, आणि टूल जरा जास्त आत गेलं — केसाच्या जाडीचा पाव हिस्सा, तेवढंच. पण या कामात तेवढंही चालत नव्हतं. त्यानं ती कडी गुपचूप बिराप्पाच्या ट्रेमध्ये ठेवली, मशिदीत जाऊन वजू केला, तेलकट हात कोपरापर्यंत धुतले आणि रांगेत उभा राहिला.

संध्याकाळी मालक लालासाहेबांनी कडी वर धरली. "कुणाचं काम हे?"

बिराप्पानं सिकंदरकडे पाहिलं. रागानं नव्हे, वाट पाहिल्यासारखं. सिकंदर मायक्रोमीटर पुसत होता. तो आधीच स्वच्छ होता.

"माज्या ट्रेमदली हाय," बिराप्पा शेवटी म्हणाला. "माजीच आसंल."

सोमवारी तो कामावर दिसला नाही. उरलेल्या सात त्याच्याच हातच्या होत्या, त्यातली एक आभाळात गेली. यान परत आलं तेव्हा वर्तमानपत्रवाले आले, आणि लालासाहेबांनी सिकंदरला पुढे केलं. मी फक्त नाही म्हणालो नाही... मी केली, असं मी कधीच कुणाला — म्हणालो. तहरीमला म्हणालो. ती सहा वर्षांची होती, मांडीवर बसून कात्रणातला फोटो बोटानं चाचपत होती.

"आजोबा," वही घेतलेली एक मुलगी पुढे आली. सृष्टी, असं तहरीमनं तिला मघाशी हाकारलं होतं. "तुमी एकट्यानंच केली व्हय?"

वीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, इतकं सोपं असूनही.

"न्हाई... बिराप्पा म्हणून एक होता. जतचा." नाव तोंडातून बाहेर पडलं आणि छाती हलकी झाल्यासारखी वाटली, आणि त्याच क्षणी तहरीमचा चेहरा दिसला, कौतुकानं उजळलेला, तेवढ्या साऱ्या मुलींच्या मध्ये... "माज्या हाताखाली. मदतीला."

सृष्टीनं लिहून घेतलं. त्याला उलट्या बाजूनं वाचता आलं: मदतनीस – बिराप्पा. अक्षर गोल, सुंदर होतं. त्या संध्याकाळी तो नुसता गप्प राहिला होता. आज त्यानं स्वतःच्या तोंडानं त्या माणसाला खाली बसवलं होतं, त्याच्याच कडीसमोर. खोड गं पोरी ते, असं म्हणायला त्यानं ओठ उघडले, पण मुली पुढच्या दालनाकडे वळल्या होत्या.

तहरीम मागे थांबली. "अब्बा, हे नाव मी कधीच ऐकलं नव्हतं. कुठं असतात ते आता?"

"ठावं न्हाई."

हे खरं होतं, आणि हेच सगळ्यांत वाईट होतं. सांगलीहून जतला एसटीनं जाऊन दिवसात परत येता येतं. एकदा स्टँडवर तो जतच्या गाडीसमोर उभाही राहिला होता, कंडक्टरनं दार ओढून घेईपर्यंत.

"चांगले कारागीर होते?"

"लय," तो म्हणाला. पुढचं सगळं जिभेच्या मागे गोळा झालं, पण बाहेर येईना. तिनं वाट पाहिली. त्याच्या चेहऱ्यावर तिला काहीतरी दिसलं असावं, कारण तिचं हसू मावळत गेलं, पण पलीकडून "मॅडम, मॅडम!" असा गलका झाला आणि "आले अब्बा," म्हणत ती गेली.

हे नाव कुणी विचारू नये म्हणून त्यानं किती दुवा मागितल्या होत्या. आणि आता, तिच्या चपलांचा आवाज लांब जात असताना, त्याला एक वेगळीच भीती वाटू लागली — मुलींच्या गडबडीत, डबे उघडण्यात, परतीच्या गाडीतल्या गाण्यांत ती विसरून जाईल, पुन्हा विचारणारच नाही...