खाणीखालची जागा

आमच्या गर्न्सी बेटावर माणूस एकवेळ स्वतःचं वय खरं सांगेल, पण मासा कुठे लागला ते सांगणार नाही. कोणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं, "पाण्यात." फारच खोदून विचारलं, तर बिनदिक्कत दुसऱ्या टोकाचा खडक सांगायचा. याला इथे कोणी खोटेपणा म्हणत नाही. विचारणाऱ्यालाच अक्कल नाही असं म्हणतात.

माझी ट्रिगर माशाची जागा मला वडिलांनी दाखवली, तीही अंथरुणाला खिळायच्या आदल्या वर्षी. जुन्या दगडाच्या खाणीखाली, अर्धी ओहोटी झाल्यावर उघडी पडणारी खडकाची एक खाच आहे. ट्रिगर हा खरा गरम पाण्याचा मासा. उन्हाळ्याच्या शेवटी आमच्याकडे येतो, सप्टेंबरभर राहतो आणि पाणी गारठलं की मरून किनाऱ्याला लागतो. तोंड एवढंसं, पण दात असे की साधा गळ तोडून मोकळा होतो. म्हणून गळ लहान आणि जाड लागतो आणि आमिषाला माकुलाचा तुकडाही नखाएवढाच लावायचा. वर काढला की पाठीवरचा काटा ताठ करून बसतो. कितीही जोर लावा, वाकत नाही. त्याच्या मागचा छोटा काटा बोटाने दाबला की आपोआप खाली बसतो. कातडी सोलताना मनगटं भरून येतात, पण आतलं मांस पांढरंशुभ्र आणि गोड.

नवरा गेल्यापासून, म्हणजे गेली बारा वर्षं, मी तिथे एकटीच जाते. जाताना मुद्दाम चर्चच्या बाजूने वळसा घालायचे आणि मासा, मोसमात ट्रिगर आणि एरवी जो लागेल तो, पावाच्या पिशवीतून आणायचे. त्यातला अर्धा दर रविवारी हेडली टोरोडकडे जायचा. हेडली माझ्या नवऱ्याचा मित्र. बायको जाऊन त्यालाही सहा वर्षं झाली होती. मी तळायचे, तो बटाटे उकडायचा आणि ते दरवेळी गिच्च करून ठेवायचा. आठवड्यातून मी माणसाशी पोटभर बोलायचे ती तेवढीच. बाकीचे दिवस रेडिओला उलट उत्तरं देण्यात जायचे.

गेल्या सप्टेंबरातल्या एका रविवारी जेवता जेवता तो म्हणाला, "मार्गो मागे लागलीय. खोली तयार आहे म्हणते. बुधवारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय."

मार्गो ही त्याची मुलगी. ती पाण्यापलीकडे, इंग्लंडात राहते.

"मग जा की," मी म्हणाले. "आयतं खायला मिळेल. निदान बटाटे तरी नीट उकडलेले असतील."

तो हसला नाही. काटा-चमचा ताटात ठेवून म्हणाला, "ऑड्री, एक विचारू? हा मासा तू कुठून आणतेस?"

अकरा वर्षांत त्याने हे एकदाही विचारलं नव्हतं. शिंक यावी तसं माझ्या तोंडातून निघून गेलं, "दीपस्तंभाच्या धक्क्यावर. पायऱ्यांच्या डाव्या अंगाला."

त्याने काटा-चमचा पुन्हा उचलला. मग म्हणाला, "बरं."

सोमवारी सकाळी मला तीन ट्रिगर लागले. घरी येताना बसमधून पाहिलं, तर हेडली धक्क्यावर गळ टाकून बसलेला. वारा असा की त्याचा कोट पाठीमागे फुगला होता. त्या धक्क्यावर ट्रिगर कधी कोणाच्या बापजन्मी लागलेला नाही. मला हसू यायला हवं होतं. मंगळवारीही तो तिथेच होता. मी मान फिरवली आणि पुढच्या थांब्यापर्यंत समोरच्या बाईच्या टोपीकडे बघत राहिले.

मंगळवारी रात्री झोप आली नाही. लाज वाटत होती आणि त्याहून जास्त भीती. तो गेला तर रविवारी मी कोणाच्या घरी जाणार होते?

बुधवारी सकाळी चांगली ओहोटी होती. तेव्हाच जाऊन त्याला हाताला धरून न्यायला हवं होतं. त्याऐवजी मी खिडक्या पुसत बसले. माफी मागणं मला आयुष्यात कधी जमलेलं नाही. दोन वाजता एकदाची निघाले. धक्का रिकामा होता. तशीच त्याच्या घरी गेले, तर दिवाणखान्यात उघडी बॅग.

"कळवलं मार्गोला," तो म्हणाला. "उद्या नऊची बोट आहे."

"हेडली, मी खोटं बोलले. जागा खाणीखाली आहे."

"माहीत आहे."

"माहीत आहे म्हणजे?"

"अगं बाई, माझ्या न्हाणीघराच्या खिडकीतून खाण दिसते. अकरा वर्षं दाढी करताना तुला खाली उतरताना बघतोय. पाय घसरत नाही ना, एवढं बघायचं आणि मग तोंड धुवायचं."

"मग विचारलंस कशाला?"

"तू म्हणशील, चल, दाखवते. म्हणून."

"आणि धक्क्यावर दोन दिवस कशाला कुडकुडत बसलास?"

तो सदऱ्याची घडी घालत होता. ती मोडून त्याने पुन्हा घातली. "वाटलं, मला बसलेला बघून तरी येशील. थर्मासमध्ये दोघांचा चहा होता."

मला रडू आलं. मी त्याच्यासमोर, नाक पुसत, ढसाढसा रडले. "आत्ता चल," मी म्हणाले. "आत्ता दाखवते."

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. भरती अर्ध्यावर आली होती. खाच नुकतीच बुडाली होती, आणि ती परत उघडी पडेपर्यंत अंधार होणार होता. त्याच्या गुडघ्यांना तो उतार दिवसाउजेडीही कठीणच.

"उद्या खाच कधी उघडी पडेल?" मी विचारलं.

"दहाला," तो म्हणाला. "बोट नऊला."

"नको जाऊस, हेडली."

"हे रविवारी म्हणायचं होतंस," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "मार्गोने खोलीला रंग दिलाय. निळा, माझ्या आवडीचा."

तो गेला. नाताळला त्याचं कार्ड आलं. त्यात हवेबद्दल लिहिलं होतं.

या सप्टेंबरात ट्रिगर भरपूर आहेत. मी आता वळसा घालत नाही, मासा उघड्या बादलीतून आणते. वाटेत कोणी विचारलं, "कुठे लागला, ऑड्री?" तर थांबून नीट सांगते, खाणीखाली, अर्ध्या ओहोटीला उतरा, डावीकडच्या कपारीला धरून जा, शेवाळावरून पाय घसरतो तिथे जपा, दोघांना बसायला जागा आहे. ते डोळा मारतात, "बरं बरं" म्हणतात आणि थेट बेटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसतात.

सप्टेंबर संपत आला. अजून एकही माणूस आलेला नाही.