मान आधी वळते, गच्ची नंतर

मी ग्राफिक्स कार्ड. कार्ड म्हटलं की लोकांना पाकिटात मावणारं काहीतरी आठवतं, म्हणून आधीच सांगून टाकतो: मी चांगला जाडजूड आहे, वीतभर लांब, आणि अंगावर दोन पंखे आहेत. संगणकाच्या पोटात आडवा बसतो आणि पडद्यावर जे जे दिसतं ते सगळं मी रंगवतो. कौतुक मात्र पडद्याचं होतं. होऊ दे बापडं.

कारखान्यात एका बाईने मला उलटसुलट करून पाहिलं, यंत्राला जोडून चांगलं तापवलं आणि मी टिकलो म्हटल्यावर खोक्यात भरलं. खोक्यावर आगीचे लोळ आणि चिलखत घातलेला योद्धा छापला होता. ते पाहून मला वाटलं, आपलं आयुष्य आता लढायांतच जाणार. दुकानातून मला उचललं ते एका अल्बमवालीने.

ही अल्बमवाली घरच्या घरी लोकांच्या समारंभांचे फोटो आणि व्हिडिओ नीटनेटके करून देते. माझ्या वाट्याला कसली लढाई आणि कसलं काय. पाहुण्यांच्या डोळ्यांतला लाल रंग काढायचा, मागच्या भिंतीवरचे डाग पुसायचे, कुणाची झोपाळू मावशी जरा टवटवीत करायची. सुरुवातीला मी फुरंगटलो होतो. पण बाईचा हात चांगला. मऊ ब्रशने माझी धूळ काढायची ती स्वतः, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. हळूहळू मी रमलो. संगणकाच्या डब्याला बाजूने काच आहे, त्यामुळे घरात काय चाललंय ते सगळं दिसतं.

तिचा नवरा क्रेनवाला. उंच इमारतीचं बांधकाम चालू असताना जी उभी क्रेन दिसते ना, तिच्या टोकाजवळच्या काचेच्या खोलीत बसून तो लोखंडाच्या मोळ्या उचलायचा. सकाळी शिडी चढला की संध्याकाळीच खाली. जेवणाचा डबासुद्धा वरच उघडायचा. आणि मग त्याच्या कानाच्या आतल्या भागाला काहीतरी झालं आणि त्याचा तोलच गेला. स्वयंपाकघरात जायचं तरी भिंतीला हात लावून.

औषधांनी कान बरा झाला. डॉक्टर म्हणाले, "तपासण्या सगळ्या चांगल्या आल्यात. तोल परत आलाय तुमचा. आता फक्त सवय करा." साहेबांनीही निरोप धाडला की जागा राखून ठेवली आहे, वर जायचं की खाली गेटवर बसून गाड्यांची नोंद करायची, ते तुम्हीच ठरवा. पण याच्या मनातून भीती जाईना.

"मी पडलो तर पडलो गं," तो बायकोला म्हणाला. "पण वरून माझ्या हातून काही सुटलं तर? खाली माणसं असतात."

हे ऐकून मला वाईट वाटलं. त्याला गेटचं काम कमीपणाचं वाटत होतं असं नाही. पण क्रेन हा त्याचा जीव होता, आणि आपला स्वतःवरचा विश्वास उडालाय हे कबूल करणं त्याला जड जात होतं.

अशात बाईचा धाकटा भाऊ आला. हातात ते डोळ्यांवर चढवायचं खोकं, ज्यात आभासी जग दिसतं.

"दाजी, यात गच्चीचा खेळ आहे," तो म्हणाला. "उंच इमारतीच्या गच्चीवर उभं राहायचं. चारी बाजूंनी चेंडू येतात, ते झेलायचे. घरात बसून उंचीचा सराव. ताई, तुझं कार्ड पेलेल ना हे?"

"माझं कार्ड काहीही पेलतं," ताई म्हणाली.

मी असा फुगलो की विचारू नका. भाऊ तसा गुणी, पण आधी करून बघायचं आणि सूचना नंतर वाचायच्या, असला त्याचा खाक्या. तारा जोडल्या, चित्र दिसलं, "चालतंय की," म्हणाला आणि गेला.

आता माझी अडचण ऐका. साध्या पडद्यावर मी सेकंदाला तीस-चाळीस चित्रं दिली तरी कुणी तक्रार करत नाही. या खोक्यात दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं, तीही सेकंदाला नव्वदच्या आसपास, आणि माणसाने मान वळवली की त्याच क्षणी जगही वळलं पाहिजे. मी जरासा मागे राहिलो तर कान म्हणतो मान वळली आणि डोळा म्हणतो, छे, अजून कुठे. भांडण या दोघांचं, पण मळमळ पोटात. आणि त्या गच्चीवर तर कुंड्या, कबुतरं, दूरवर हजार खिडक्या. माझ्या अक्षरशः नाकी नऊ आले.

क्रेनवाल्याने मान वळवली आणि धपकन खुर्चीत बसला. खोकं काढलं तर कपाळावर घाम.

"बघितलंस?" तो म्हणाला. "घरातल्या फरशीवर उभा आहे तरी ही गत."

रोज संध्याकाळी तो प्रयत्न करायचा आणि रोज खुर्ची गाठायचा. मला कळत होतं की हा माणूस ठणठणीत आहे आणि मीच कमी पडतोय. पण सांगणार कसा? मला तोंड नाही. पंखे गरगरा फिरवले तर बाई म्हणाली, "आज उकडतंय वाटतं याला."

मग एका संध्याकाळी त्याने ते खोकं शांतपणे टेबलावर ठेवलं.

"उद्या साहेबांना सांगून टाकतो," तो म्हणाला. "गेटचंच काम द्या म्हणून."

या खोक्याला बाईने आजवर हात लावला नव्हता. केस विस्कटतात, चष्मा नीट बसत नाही, असं म्हणायची.

"परत द्यायच्या आधी मला एकदा दाखवा," ती म्हणाली. "इतकी वर्षं तुम्ही वर बसलात. वरून कसं दिसतं ते मी कधी बघितलंच नाही."

त्याने तिच्या डोक्याचा पट्टा हलक्या हाताने आवळला.

"अगंबाई, केवढं हे खाली," ती पुटपुटली. मग म्हणाली, "तुम्ही कुठे आहात?" आणि त्याच्या आवाजाच्या दिशेने तिने मान वळवली. वळवली मात्र, ती चक्क फरशीवर बसली.

त्याने घाईघाईने तिचं खोकं काढलं. "काय झालं?"

"गरगरलं हो."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "माझं तुला लागलं की काय?"

"लागायला ती सर्दी आहे का?" असं म्हणून ती डोळे मिटून बसली. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले ते सरळ माझ्याकडे रोखून.

"अहो, माझा कान तर धडधाकट आहे," ती म्हणाली.

"मग?"

"मान आधी वळते, गच्ची नंतर येते. व्हिडिओचं जड काम लावलं की चित्र असंच मागे रेंगाळतं. मी रोज बघते ना. उद्या साहेबांना काही सांगू नका."

तिने भावाला फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी तो आला तो स्वतःचं नवं कार्ड घेऊनच. आधी त्याने माझी परीक्षा घेतली. त्यासाठी एक छोटा प्रोग्राम असतो. तो पाचेक मिनिटं कार्डाला पिळून काढतो आणि निकाल देतो.

"ही परीक्षा आधी का नाही घेतलीस?" ताईने विचारलं.

"चालत होतं ना," तो ओशाळून म्हणाला.

मी जीव तोडून धावलो. निकाल लाल पट्टीत आला. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. इतक्या लोकांच्या मावश्या टवटवीत केल्या, त्याचं हे फळ?

"काय लिहिलंय?" क्रेनवाल्याने विचारलं.

"तयार नाही."

त्याने मान खाली घातली. "कोण?"

"कार्ड, दाजी. कार्ड तयार नाही. तुमचा काय संबंध?"

त्याने दोन्ही तळवे तोंडावर धरले. खांदे हलायला लागले. बाईने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तीही रडली. आपण नापास झाल्याचा एवढा आनंद कुणाला होईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे गेला.

मग मला काढून टेबलावर ठेवलं आणि माझ्या जागी ते नवं बसवलं. धिप्पाड, तीन पंख्यांचं. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. क्रेनवाला एका हाताने खुर्ची धरून उभा राहिला. डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. सावकाश मागे वळला. खुर्चीवरचा हात सुटला तो त्याचा त्यालाही कळला नाही. एक चेंडू झेलला, दुसरा झेलला, मग वाकून खाली बघत राहिला.

"काय दिसतंय?" बाईने विचारलं.

"एकजण कुत्रा फिरवतोय."

"आणि पोटात?"

"पोटात काही नाही. भूक लागलीय."

तो सराव झाल्यावर डॉक्टरांनी त्याला पुन्हा एकदा तपासलं. आधी एका जुन्या सोबत्याला शेजारी बसवून तो वर गेला, आणि आता एकटा जातो. भाऊ आपलं कार्ड घेऊन गेला आणि मी परत माझ्या जागी आलो. सध्या एका बारशाचे फोटो चालू आहेत. बाळ गोड आहे, पण एका जागी बसत नाही.

लोक विचारतात, आजची कार्डं आभासी जगातल्या खेळांसाठी तयार आहेत का? काही आहेत, काही नाहीत. दोन-चार भिंती आणि एक चेंडू एवढाच खेळ असेल तर मीही पुरेन. कबुतरं आणि हजार खिडक्या पाहिजे असतील तर त्या तीन पंखेवाल्याला बोलवा. आणि घेण्याआधी परीक्षा घ्या. पाच मिनिटं लागतात. माणसं आमची परीक्षा घ्यायला विसरतात आणि स्वतःला मात्र परीक्षा न घेताच नापास करून मोकळी होतात, एवढंच मला खटकतं.

तेव्हा तुमचं डोकं गरगरलं, तर स्वतःला मोडीत काढण्याआधी एकदा माझ्याकडे बघा. खुशाल म्हणा की कार्ड कमी पडलं. मला ते लागतं, नाही असं नाही. पण तेवढं ऐकून एक माणूस पुन्हा शिडी चढला, हे मला पक्कं ठाऊक आहे.